आंग्रिया बँक उथळ नाही

गोव्यात हिवाळ्याच्या तोंडावर एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. आंग्रिया बँक या अरबी समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळ पठाराचा माथा पाण्याखाली जेमतेम 20 मीटरवर आहे, पाणी नितळ आहे, म्हणून गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाला एकदा स्कुबा केलेल्या कोणालाही तिथे उतरता येते, आणि प्रवाळ दगडासारखे टणक असल्याने त्यावर पाय टेकले तरी चालतात, असे त्यात म्हटलेले असते. यातला खोलीचा आकडा खरा आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र धोकादायक आहेत.

ग्रँड आयलंडला पर्यटक उतरतो तेव्हा प्रशिक्षकाने त्याला धरलेले असते आणि ती डुबकी काही मीटरांचीच असते. अशा अनुभव-डाइव्हची मर्यादा 12 मीटर मानली जाते. रीतसर ओपन वॉटर, म्हणजे स्कुबाचे प्राथमिक प्रमाणपत्र घेतलेल्यालाही 18 मीटरपर्यंतच जाण्याची शिफारस असते, म्हणजे आंग्रियाचा माथासुद्धा त्याच्या मर्यादेपलीकडे आहे. शिवाय पठाराच्या कडांना समुद्र एकदम खोल होत जातो. 20 मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. त्यामुळे वर जी हवा तीन मिनिटे पुरली असती, ती तिथे एका मिनिटात संपते. त्याच दाबामुळे नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो आणि झपाट्याने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात, म्हणून वर येताना वेग मिनिटाला सुमारे 9 मीटरच्या आत ठेवून 5 मीटरवर तीन मिनिटे थांबावे लागते. घाबरलेला नवशिका याच्या नेमके उलट करतो. तो श्वास रोखून झपाट्याने वर येतो, आणि 10 मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना फुप्फुसातली हवा दुप्पट फुगू पाहत असल्याने फुप्फुस फाटू शकते.

नितळ पाण्याचा युक्तिवादही टिकत नाही. मांडवी-जुवारीच्या गाळामुळे आपल्याकडे पाणी गढूळ असते आणि डायव्हर आपोआप जपून राहतो. स्वच्छ पाण्यात मात्र तळ जवळ भासतो आणि खोलीमापकाकडे लक्ष नसेल तर आपण किती खाली आलो ते कळतच नाही.

अंतराचा तर त्या संदेशात उल्लेखही नाही. ग्रँड आयलंडवरून मुरगावचा किनारा दिसतो. आंग्रिया विजयदुर्गच्या पश्चिमेला 100 किलोमीटरहून अधिक दूर, खुल्या समुद्रात आहे. प्रवाहाने वाहून गेलेल्या डायव्हरला तिथे आसऱ्याला ना बेट, ना खडक, आणि अपघात झाला तर रुग्णालय कित्येक तासांच्या प्रवासावर.

राहिला प्रवाळांचा प्रश्न. जो भाग दगड वाटतो तो सांगाडा आहे. त्यावरचा जिवंत थर अतिशय नाजूक असून डायव्हरच्या पायातल्या पंखांच्या (फिन्सच्या) एका फटक्यानेही सोलला जातो. गोलसर प्रवाळ वर्षाला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो. भित्तिका बांधणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. ज्याला पाण्यात तरंगते राहून एका पातळीवर स्थिर थांबता येत नाही, त्याने आधी ग्रँड आयलंडलाच प्रशिक्षकासोबत ते शिकावे, ऑक्टोबर ते मे हा मोसम त्यासाठी पुरेसा आहे.