पाहुण्यांना नाशिक ‘करायचं’ असतं

मुंबईच्या पाहुण्याचा फोन येतो तेव्हा यादी तयारच असते. “सकाळी पोचतो. पंचवटी करू, लेणी करू, त्र्यंबक करू, ते दगडांचं म्युझियम करू आणि जमलं तर वाटेत शिर्डी.” ठिकाणं बघायची नसतात, करायची असतात, धुणीभांडी करतात तशी. शिर्डी कुठल्याच वाटेत नाही, ती ९० किलोमीटरवर आहे, हे सांगून उपयोग नसतो. म्हणून मी दिशा सांगतो. त्र्यंबक पश्चिमेला २८ किलोमीटर. दगडांचं म्हणजे सिन्नरचं गारगोटी संग्रहालय, ते बरोबर उलट्या अंगाला ३०च्या घरात. मधे द्वारका चौक, तिथे ट्रकांचं दर्शन सावकाश आणि फुकट होतं. दोन्हींतलं एकच निवडा. पाहुणे ‘बघू’ म्हणतात, म्हणजे दोन्ही.

नाशिकरोडला उतरल्या उतरल्या “आलो रे नाशिकला” असा फोन येतो. नाशिक अजून नऊ-दहा किलोमीटर असतं. पहिला तास इथेच जातो.

माझा एकच हट्ट असतो: लेणी, म्हणजे पांडवलेणी, आधी. सगळे ती शेवटी ठेवतात आणि भर उन्हात दोनशेएक पायऱ्यांशी गाठ पडते. सकाळी आठला पायथ्याशी असलात तर डोंगर सोसतो आणि कोरीवकामावर उजेडही चांगला पडतो. पाणी खालूनच घ्या. आणि मिसळ उतरल्यावर. रस्सा दोनदा मागवून, वर दही-पापड-जिलेबी चेपून पायऱ्या चढायला घेतल्या की विसाव्या पायरीला तर्री वर येते आणि पन्नासाव्या पायरीला पाहुणा ‘व्यू’ बघायला थांबतो. व्यू म्हणजे हायवे.

वर पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: “पांडव नेमके कुठे राहायचे?” पांडवांचा इथे संबंध नाही. ही बौद्ध लेणी, संख्येने २४, खरं नाव त्रिरश्मी. तिसऱ्या लेण्याचा ओटा खांद्यावर पेलून धरणारे यक्ष आहेत, तेही सहा. पाच असते तर गाइडची सोय झाली असती.

याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, किती शूर, किती देखणा, त्याने क्षहरातांचा (शत्रू राजा नहपानाच्या घराण्याचा) वंश कसा निखंदून काढला, हे आईने भिंतभर कोरून घेतलंय. सोबतच्या मावशींना ब्राह्मी येत नाही, पण मजकूर त्या ओळखतात. त्यांचाही मुलगा पुण्यात असतो.

माझ्या मते खरी गंमत दहाव्या लेण्यात आहे आणि तिथवर कोणी थांबत नाही. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. एकीकडे २०००, दरमहा शेकडा १. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल मोडायची नाही, व्याजच खायचं. आता २०००वर वर्षाचं व्याज २४०, आणि लेण्यातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. हिशोब पैशाला पैसा लागतो. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही एफडी, वर्षाला १२ टक्के! पाहुण्यांत कोणी निवृत्त काका असतील तर त्यांना इथेच उभं करा. ते मान हलवतात आणि खाली उतरेपर्यंत आजच्या व्याजदरांवर बोलतात.

मग पंचवटी. इथे प्रश्न चपलांचा. काळाराम, कपालेश्वर, सीतागुंफा, नारोशंकर: चारदा काढा, चारदा घाला. लेसचे बूट घालून आलेला माणूस देवापेक्षा बुटांपुढे जास्त वाकतो. लेण्यांना बूट चालतात, म्हणून गाडीत चपला ठेवा आणि सोबत सुती मोज्यांचा एक जोड. एप्रिलच्या दुपारी काळारामाच्या दगडी आवारात पाय टेकत नाहीत, माणूस आपोआप नाचत प्रदक्षिणा घालतो. दारापाशी मात्र थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो इथे.

सीतागुंफेत बसून, सरकत उतरावं लागतं. गुडघे आणि पोट यांचा अंदाज बाहेरच घ्यावा, कारण मागे रांग असते आणि रिव्हर्स गिअर नसतो. कपालेश्वरात शिवासमोर नंदी नाही, हे आधी सांगू नका, शोधू द्या. तेवढीच तुम्हाला दहा मिनिटं उसंत. पावसाळ्यात गंगेवर (गोदावरी म्हणतो तो बाहेरचा) जायचं तर दुतोंड्या मारुती बघा. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, एवढ्यावर इथे पूर मोजतात. कमरेच्या वर असेल तर पार्किंग घाटावर करू नये.

त्र्यंबक निवडलंत तर वाटेत अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे. आदल्या दिवशी फोन करून उघडं आहे का विचारा, नाहीतर कुलूप बघून परत. लेणी आधी का, ते इथे कळतं. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. आईने भिंतीवर लिहिलं त्याची ही पावती. पाहुणे तोवर घड्याळ बघत असतात.

परतीच्या गाडीआधी सीबीएसहून (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) नाशिकरोडसाठी तासभर धरा, द्वारका आहेच. चिवडा घ्यायचा राहिलेला असतो. घरी अर्धा किलो पोचवायचा असेल तर पाऊण किलो घ्या. पाव किलो इगतपुरीच्या आत संपतो.