जहाजावरचा खाटीक

जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला संग्रहालय केलेलं जहाज दाखवायला नेऊ नये. बाकीचे तोफा बघतात, आपण गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, शोधत हिंडतो.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बंदरात आमचं जहाज माल उतरवायला चार दिवस थांबलं होतं, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातली एक युद्धनौका बघायला गेलो. तोफांखाली फोटो काढणारी गर्दी सोडून खाली उतरलो आणि गॅलीच्या पलीकडे एका लहान खोलीपाशी थबकलो. दारावर पाटी, ‘बुचर शॉप’. छताला लोखंडी रूळ, रुळावर आकडे, भिंतीला करवत आणि मध्ये लाकडाचा जाडजूड ठोकळा, बशीसारखा खोलगट झालेला. बघणाऱ्याला वाटतं सत्तुराच्या घावांनी झिजला असेल. घावांनी झिजतोच, पण त्याहून जास्त झिजतो तो रोज रात्री तारेच्या ब्रशने घासून आणि खरवडून. मी एकवीस वर्षं जहाजांवर कुकचं काम केलं, त्यामुळे एवढं खात्रीने सांगू शकतो. (मालवाहू जहाजांवर. नौदल नव्हे, मर्चंट नेव्ही. नातेवाइकांना हा फरक सांगून सांगून थकलो.)

त्या खोलीपाशी आमच्याबरोबरचा एक इंजिनीअर म्हणाला, “फ्रीज आले आणि यांचं काम गेलं, नाही का?” तेव्हा मी मान डोलावली. नंतर वाचत गेलो तसं कळलं की गोष्ट जवळजवळ उलटी आहे. फ्रीजने नौदलातल्या खाटकाला घालवलं नाही. फ्रीजने त्याला स्वतःची खोली दिली. त्याला घालवलं ते पुठ्ठ्याच्या खोक्याने.

शिडाच्या जहाजांच्या काळापासून बघा. ब्रिटिश नौदलाचं मांस किनाऱ्यावरच कापलं जायचं, तेही मुख्यतः थंडीच्या महिन्यांत, कारण उकाड्यात मीठ मुरायच्या आधी मांस नासतं. गोमांसाचे चार-चार पौंडांचे आणि डुकराचे दोन-दोन पौंडांचे तुकडे मिठात घालून पिंपात बंद. बरोबर जिवंत जनावरंही असायची. ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सन १८०३ नंतर भूमध्य समुद्रात होता तेव्हा आरमारासाठी जिवंत बैल मिळवायला त्याने जिवाचा आटापिटा केला, कारण ताज्या मांसाविना खलाशी आजारी पडतात हे तो ओळखून होता. बैल जहाजावर कापायचे तर हात चालणारा एखादा खलाशी पुढे यायचा, कापून झालं की परत दोरखंड ओढायला. तो पूर्णवेळ खाटीक नव्हे.

खरं काम होतं वाटे पाडण्याचं. खलाशाला आठवड्यातून चार दिवस मांस मिळायचं: मंगळवारी आणि शनिवारी दोन पौंड गोमांस, रविवारी आणि गुरुवारी एक पौंड डुकराचं. उरलेल्या तीन दिवसांना इंग्रज खलाशी काय म्हणायचे माहीत आहे? बनियन डे. आपल्याकडच्या शाकाहारी बनिया व्यापाऱ्यांवरून! खारवलेलं मांस चघळणाऱ्या त्या माणसांनी वाटाण्याच्या आणि ओटच्या लापशीचा दिवस म्हणजे ‘आज आपण बनिया’ असा हिशेब लावला. पुढे त्याच शब्दाला नौदलाच्या बोलीत किनाऱ्यावरच्या सहलीचा अर्थ आला आणि मांसाविना जेवणाचा दिवस चक्क मांस भाजायचा दिवस झाला. शब्दांचंही नशीब असतं.

दोन पौंड म्हणजे खरोखर दोन पौंड नव्हे, ही त्यातली मेख. सामान वाटणारा पर्सर १६ औंसांच्या पौंडाऐवजी १४ औंसांचा पौंड मोजायचा. वरचे दोन औंस नासाडीच्या नावाखाली त्याचे, आणि हे सगळं रीतसर, नियमात बसणारं. १७९७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्पिटहेडला ब्रिटिश आरमाराने बंड केलं तेव्हा पगारवाढीबरोबरची एक मागणी होती, पौंड १६ औंसांचाच हवा. फ्रान्सशी युद्ध चालू असताना देशाचं मुख्य आरमार नांगर उचलायला तयार नाही, आणि कारणांत दोन औंस मांसही आहे! मला त्यात काही विचित्र वाटत नाही. जहाजावर माणूस घर, झोप, बायकोपोरं सगळं सोडून येतो, पण ताटातला तुकडा शेजारच्यापेक्षा लहान निघाला तर ते सोडत नाही. मी स्वतः कोंबडीच्या एका तंगडीवरून दोन फिटरांची भांडणं सोडवली आहेत.

म्हणून वाटणीची एक रीत होती. एकजण तुकड्याकडे बोट दाखवून विचारायचा, “हा कोणाचा?” आणि पाठ करून उभा असलेला दुसरा, तुकडा न बघता, नाव घ्यायचा. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजावरच्या बंडानंतर तिचा कप्तान ब्लाय उघड्या होडीत सापडला, तेव्हा हाताने पकडलेला एकेक समुद्रपक्षी त्याने याच रीतीने अठरा जणांत वाटला. अठरा वाटे, एका पक्ष्याचे.

नंतर डबे आले. डब्यात हाड नाही, वाटणी सोपी, खाटकाची गरजच नाही. पण डबा बंद असतो. १८५२ मध्ये इंग्लंडमधल्या गॉसपोर्टच्या गोदामात गोल्डनर नावाच्या ठेकेदाराचे डबे फोडले तेव्हा बहुतेक कुजलेले निघाले. पुढे १८६७ मध्ये फॅनी अ‍ॅडम्स या आठ वर्षांच्या मुलीचा इंग्लंडमध्ये अमानुष खून झाला. त्याच सुमारास नौदलात डबाबंद मटण नव्याने मिळू लागलं होतं, आणि खलाशी म्हणू लागले, डब्यात तीच आहे. विनोद भयानकच. पण त्यामागची भीती मला समजते. डब्यातलं ते मांस अख्खं असताना पाहिलेला एकही माणूस आता जहाजावर नव्हता.

मग यंत्राची थंडी आली. १८९८ मध्ये अमेरिकन नौदलाने ‘ग्लेशियर’ नावाचं शीतगृह असलेलं जहाज विकत घेतलं. १९०७ ते १९०९ मध्ये त्यांच्या पांढऱ्या रंगाच्या युद्धनौका जगाची फेरी मारायला निघाल्या तेव्हा ग्लेशियर आणि ‘कुल्गोआ’ मांस घेऊन बरोबर होती. मांस गोठवून यायचं, पण यायचं हाडासकट, जनावराचे चार भाग केलेलं. एकेक भाग साठ-सत्तर किलोचा. तो आधी हळूहळू पाघळू द्यायचा, मग रुळावरून ओढत ठोकळ्यापर्यंत आणायचा, मग फोडायचा. दोन हजारांवर माणसं असलेल्या युद्धनौकेवर हे रोज करायला निम्मं शिकलेला कुक चालत नाही. ब्रिटिश जहाजांवर हे काम बहुतेकदा एखाद्या मरीनकडे, म्हणजे जहाजावरच्या सैनिकाकडे, असायचं. तिथे बरीच वर्षं प्रत्येक मेस, म्हणजे एकत्र जेवणारा गट, आपापला शिधा घेऊन स्वतः तयारी करायची आणि गॅलीत फक्त शिजवायला द्यायची. त्यामुळे कोणत्या मेसला मांडी आणि कोणाला मानेचा भाग, हे ठरायचं त्या मरीनच्या सुरीखाली. लोक त्याच्याशी गोड बोलत असणार, यात मला शंका नाही. अमेरिकन नौदलाने तर दुसऱ्या महायुद्धात ‘शिप्स कुक, बुचर’ असा वेगळा हुद्दाच केला.

म्हणजे ज्या खोलीपाशी मी उभा होतो ती फ्रीजनेच घडवलेली होती.

आणि त्याच युद्धात तिचं मरणही लिहिलं गेलं. समुद्रापार लाखो सैनिकांना मांस पाठवताना अमेरिकन लष्कराला दिसलं की हाड म्हणजे जहाजात फुकट जाणारी जागा. मग हाड काढून, गोठवून, खोक्यात भरून पाठवायला सुरुवात झाली. १९४८ मध्ये अमेरिकन नौदलाने कुक, बेकर आणि बुचर हे तिन्ही हुद्दे मिळून ‘कमिसरीमन’ हा एकच केला. १९६७ मध्ये आयोवा बीफ पॅकर्स या अमेरिकन मांस कंपनीने हाच खोक्याचा धंदा किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात सुरू केला आणि तिथल्या दुकानांतले खाटीकही कमी होऊ लागले. नौदलाचा कमिसरीमन १९७५ मध्ये ‘मेस मॅनेजमेंट स्पेशालिस्ट’ झाला आणि २००४ मध्ये ‘क्युलिनरी स्पेशालिस्ट’. नाव दर वेळी भारदस्त होत गेलं आणि सुरी आखूड.

आता माझं मत. खोकं आणलं ते बरोबरच केलं. अणुपाणबुडी महिनोन्‌महिने पाण्याखाली राहू शकते, तिला वर यायला लावतो तो संपत आलेला शिधा. तिथे हाडाला जागा देणं वेडेपणा. जहाज वीस अंश कलंडत असताना हातात सत्तूर धरणं काय असतं हेही मला माहीत आहे. पाटाखाली ओलं फडकं, पाय फाकून, कंबर टेबलाला टेकवून, आणि तरी डाव्या अंगठ्यावर माझ्या दोन खुणा आहेत. तेव्हा खाटकाचा हुद्दा परत आणा असं मी म्हणणार नाही.

पण हुद्दा गेला म्हणून हातही जाऊ द्यायचा, हे मला पटत नाही. उपग्रह बंद पडले तर काय, म्हणून अमेरिकेच्या नेव्हल अकादमीने २०१५ मध्ये ताऱ्यांवरून जहाजाचं ठिकाण काढणं पुन्हा शिकवायला घेतलं. छान केलं. मग खोकं आलंच नाही तर काय, हा प्रश्न गॅलीत का विचारत नाहीत? परक्या बंदरात ठरलेला पुरवठादार नाही, मिळतंय ते अख्खं जनावर, ही गोष्ट उपग्रह बंद पडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडते.

माझ्यासमोर घडली. एका बंदरात पुरवठादाराने कापलेल्या मटणाऐवजी अख्खे बकरे पाठवले, अकरा. परत करायला वेळ नव्हता, जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट चढला होता. माझा सेकंड कुक हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, हुशार मुलगा, सॉस असे करायचा की कॅप्टन दोनदा मागायचा. दुसऱ्या दिवशी पाघळलेला पहिला बकरा टेबलावर ठेवला तर तो नुसता बघत राहिला. मग सत्तूर उचलून त्याने मांडीच्या हाडावर घाव घातला. हाडाच्या किरच्या उडाल्या.

“थांब,” म्हटलं. “सत्तूर ठेव. पाय हातात धर आणि हलव.”

“कशाला, सर?”

“हलव तर. कुठे फिरतोय ते बोटाने शोध.”

मला हे ज्या म्हाताऱ्या भंडाऱ्याने शिकवलं त्याला शाळा ठाऊक नव्हती. जुन्या जहाजांवर कुकला भंडारीच म्हणायचे. तो म्हणायचा, हाड कापायचं नसतं, सांधा विचारायचा असतो. मुलाने पाय फिरवला, खुब्यात अंगठा रुतला, मी त्या जागी लहान सुरीचं टोक ठेवायला सांगितलं. पाय मागे दाबला तसा गोळा टक करून बाहेर आला आणि सुरी कुठेही न अडता आरपार गेली. मुलगा हसला. एकटाच, खुळ्यासारखा.

दुसरा बकरा त्याने स्वतः काढला. पाऊण तास लागला, बरगड्यांवर बरंच मांस राहिलं, मी काही बोललो नाही. शेवटी टेबलाच्या कडेला हाडांचा ढीग साचला तेव्हा त्याने कचऱ्याची पिशवी उघडली आणि माझ्याकडे बघितलं.

“सर, हे टाकायचं ना?”

मी सगळ्यात मोठं पातेलं खाली काढलं.