वेल डन, लव्ह!

"मामा, तू कोकणातला ना? मग समुद्राला काय घाबरतोस?" असं भाचा म्हणाला. आता मुरूडच्या समुद्रात आम्ही पोटऱ्यांपर्यंत जातो, फोटो काढतो आणि भेळ खायला परत येतो. लाटेवर उभं राहायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. पण बहिणीने सर्फिंगचे पैसे भरून टाकले होते आणि ते परत मिळणार नव्हते. विषय संपला.

जागा वेल्समधलं लँगेनिथ. स्वान्सीच्या पश्चिमेला, गॉवर द्वीपकल्पाच्या टोकाशी, रोसिलीच्या उपसागरात सलग तीन मैल वाळू. सुंदर निसर्ग म्हणून सरकारी संरक्षण मिळालेला ब्रिटनमधला पहिला प्रदेश हाच, १९५६ सालचा. मी चष्मा गाडीत ठेवून गेलो होतो. मला सगळं राखाडी दिसलं.

भाड्याचा वेटसूट, म्हणजे थंड पाण्यासाठी घालायचा अंगाला घट्ट रबरी पोशाख, हातात आला तोच ओला. आपल्या आधी त्यात कोण होतं आणि त्याने आत काय काय केलं, याचा विचार करायचा नसतो म्हणे. पार्किंगमध्ये, भुरभुर पावसात, तो मांड्यांवरून वर ओढताना मी एका पायावर जे नाचलो, ते बहिणीने मोबाइलवर टिपलं. पुढे ओहोटी. इथली भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यातल्या मोठ्यांपैकी, त्यामुळे समुद्र पार तिकडे गेलेला. आठ फुटी फोमचा बोर्ड काखेत मावत नाही आणि वारा त्याला वळेल तिकडे आपल्यालाही वळवतो.

पाण्यात आजी भेटल्या. सत्तरी उलटलेली, साधा पोहण्याचा पोशाख, डोक्याला लोकरीची टोपी. वेटसूट नाही. मे महिन्यातलं ते पाणी माझ्या दाढांपर्यंत पोचलं होतं आणि आजी कंबरभर पाण्यात भाजीमंडईत उभ्या असाव्यात तशा उभ्या होत्या. मी पडलो, नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय झाडले.

"पाय खाली टेक, लव्ह," त्या शांतपणे म्हणाल्या.

टेकले. पाणी मांडीपर्यंत होतं.

"वेल डन!"

कशाबद्दल? उभं राहिल्याबद्दल? पुन्हा पडलो. "वेल डन, लव्ह, आधीपेक्षा छान पडलास!" हे मात्र मला लागलं. आपल्याकडे लोक फिदीफिदी हसले असते, दोन टोमणे मारले असते, हिशेब मिटला असता. इथे तेवढीही सोय नाही. समोरचा तुमचं कौतुक करत राहतो आणि तुम्हाला आभार मानावे लागतात, तेही खारं पाणी थुंकता थुंकता.

शेवटी आजींनी माझ्या बोर्डाचं शेपूट धरलं, मागे वळून लाट जोखली आणि "आता!" म्हणून ढकललं. मी उभा राहिलो. खरंच राहिलो. भाचा बाजूने सरळ किनाऱ्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "मामा, ते धरायचं नाही. आजींनी ढकललं होतं."

बाहेर आल्यावर पाठीवरची चेन अडकली. तीही आजींनीच उघडली. उघडता उघडता माझं सांत्वन म्हणून दक्षिणेकडे बोट दाखवलं. "तिकडे वाळूत हेल्व्हेशिया आहे बघ. नॉर्वेचं जहाज, लाकूड भरलेलं. १८८७ मध्ये वादळाने इथे आणून आपटलं. सांगाडा अजून ओहोटीला दिसतो." सांत्वन म्हणून फुटलेलं जहाज! मी आभार मानले. दुसरं करणार काय?

संध्याकाळी बहिणीने व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. मी सांगितलं होतं, टाकू नकोस. खाली नागपूरच्या काकूंपासून सगळ्यांचे हात जोडलेले, बदाम, फुलं. "किती गोड आहेत गं आजी!" "या वयात थंडी वाजत नाही त्यांना?" "त्यांना पुण्याला बोलव." सर्दीवर कुणीतरी मला काढा सुचवेल म्हणून मी रात्री अकरापर्यंत फोन बघत होतो. मोठ्या आत्याने तेवढं विचारलं, "तो मागे काळा कपडा घालून पडलाय तो कोण?"