जनसुनावणीला जाताय? आधी शब्द पाठ करा

परवा शेजारच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरी विस्ताराची जनसुनावणी झाली. वेळ साडेअकराची, साहेब आले सव्वा वाजता. माझी विहीर ओढ्यापासून चाळीस पावलांवर, म्हणून गेलो आणि शब्द न कळल्यामुळे माती खाऊन परत आलो. तुमची तशी फजिती होऊ नये म्हणून थोडी शिकवणी देतो. फी नाही.

आधी प्रवर्ग शिका. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन करायला लावणाऱ्या २००६ च्या अधिसूचनेत प्रकल्पांना जाती आहेत. 'अ'चा निवाडा दिल्लीत, 'ब'चा राज्यात. 'ब'मध्येही ब-१ आणि ब-२. ब-२ हा नशीबवान जन्म, त्याला ना मूल्यांकन अहवाल लागतो, ना सुनावणी. साखर कारखान्याचं गाळप रोजी ५००० टनांच्या आत असेल तर त्याचं या यादीत नावच येत नाही. तेव्हा तुमच्या नाकात शिरणारा वास कोणत्या प्रवर्गातला, हे आधी विचारून घ्या आणि मगच शिंका.

हरित पट्टा म्हणजे आवाराच्या ठरावीक टक्के जागेवर झाडं. कागदावरच्या झाडांना पाणी लागत नाही.

शून्य द्रव उत्सर्जन, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं: हे दिवसा असतं.

आता मराठी सारांश. पूर्ण अहवाल इंग्रजीत, जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन वाचायचा. तुमच्यासाठी पंधरा-वीस पानं मराठीत. त्यात आमची प्राथमिक शाळा 'संवेदनशील स्वीकारकर्ता' आहे. पोरांनी काय स्वीकारायचं ते लिहिलेलं नाही. तक्रार करू नका. त्या अधिसूचनेचा २०२० चा नवा मसुदा तर इंग्रजी आणि हिंदीतच काढला होता, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तो द्या हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आणि रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उतरला होता. आमच्या अहवालात निदान ओढा तरी आमचाच आहे.

पण खरा शब्द बेसलाइन. प्रकल्पाआधी हवा, पाणी, माती कशी आहेत याची नोंद. दहा किलोमीटरच्या वर्तुळात फिरून, एका हंगामाची. कोणताही हंगाम चालतो, फक्त पावसाळा नको. म्हणून अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारांची माणसं आली मार्च ते मे. ओढ्यावर आली असतील तेव्हा तिथे क्रिकेट चाललेलं असणार. तक्त्यात लिहिलंय: 'नमुना क्रमांक ४, ओढा कोरडा, नमुना उपलब्ध नाही.' पुढच्या रकान्यात: 'परिणाम नगण्य.' बरोबरच आहे, जे पाणी नाही ते घाण कसं होणार? अहो, पण मळीचं पाणी ओढ्याला येतं कधी? पहिला दणकून पाऊस झाला की, रात्री दोनच्या सुमाराला! सकाळी कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, वर फेस, मासे पोट वर करून. म्हैस तोंड लावत नाही. तिला बीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, कळत नाही, पण वास कळतो. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो, कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅम. हे मी त्यांच्याच धंद्याच्या पुस्तकात वाचलंय. उठून म्हणालो, साहेब, एकदा जुलैत या. सल्लागार हसून म्हणाले, "काका, पावसाळ्यातली माहिती अधिसूचनेप्रमाणे आवश्यक नाही. विषयाला धरून बोला."

ओढा हाच विषय होता हो! दुसरा कुठला विषय होता तिथे?

गणपूर्तीची, म्हणजे किमान अमुक माणसं हवीतच अशी, अट सुनावणीला नसते. तरी मंडप भरला होता. कारखान्याच्याच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून आलेली माणसं, हातात वडापाव, आणि दर दहा मिनिटांनी "विकास झालाच पाहिजे".

आता शिकवणी बास. ज्यांनी कोरडा ओढा बघून 'नगण्य' लिहिलं, त्यांना लाज वाटायला हवी. शिकलेली माणसं आहात, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं? नियमात मागितलं नाही म्हणून डोळे मिटायचे? आणि आपण गाववाले! तीस दिवस आधी पेपरात नोटीस आली होती. लेखी हरकत किती जणांनी दिली? दोघांनी. त्यातला एक मी. वडापाव खाऊन हजेरीच्या कागदावर सह्या केल्यात, त्या तुमच्याच पोरांच्या पाण्यावर केल्यात. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, कुणी काय हरकत घेतली ते नीट आलंय का बघायला. तेव्हा मंडपात अकरा माणसं होती. बाकीचे ट्रॉलीत.

पहिला पाऊस लागला की मी रात्री बाटली आणि बॅटरी घेऊन ओढ्यावर असतो. तीन वर्षं झाली, एकटाच. बाटलीवर तारीख-वेळ लिहायची आणि चार माणसांच्या सह्या घ्यायच्या, तेवढ्यासाठी तरी या. वडापाव मी आणतो.