समुद्राकडे उतरताना लागणारे चढ

पेरूमध्ये कुस्कोहून लिमाला बसने निघालेल्याला जो तो एकच धीर देतो : "आता काय, उतारच उतार!" कुस्को 3,400 मीटरवर, लिमा समुद्राकाठी, म्हणजे हिशेब सरळ. माझा संशय असा की हा हिशेब मांडणारे सगळे विमानाने जातात. विमानाला सव्वा तास लागतो. बस अकराशे किलोमीटर कापायला एकवीस-बावीस तास घेते आणि त्यात चढायचा एकही मोका सोडत नाही.

सुरुवातीला ती आपूरिमाक नदीच्या पुलापर्यंत, 1,900 मीटरवर उतरते. झालं की निम्मं, असं आपण म्हणतो न म्हणतो तोच ती 4,000 च्या आसपास चढते. मग अबांकाय शहर, 2,400. मग पुन्हा 4,000 च्या वरचं पठार. पुकियो गावाला 3,200, आणि तिथून परत पाम्पा गालेरासचं पठार, 4,000. नुसते चढ मोजले तरी बेरीज साडेचार हजार मीटरच्या पुढे जाते. समुद्र गाठायला एवढं चढावं लागतं, हे तिकीट देणारा कधीच सांगत नाही. पाम्पा गालेरासनंतर मात्र खरा उतार लागतो : शंभरेक किलोमीटरमध्ये साडेतीन हजार मीटर खाली, थेट वाळवंटातल्या नाझ्का गावाला. आपला बोरघाट जेमतेम सहाशे मीटरचा, आणि तेवढ्यातही आपण आले-लिंबाच्या गोळ्या चघळतो.

ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही, बाकीच्या ऐवजाबरोबर बाहेर येते. जागा खालच्या मजल्यावर, मधल्या रांगेत आणि संडासापासून लांब घ्यावी. वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची, काचेजवळची सीट देखाव्यासाठी झकास असते. पण वळणावर बस झुलते ती तिथेच जास्त. शिवाय रस्त्याचा अवघड भाग रात्री येतो, त्यामुळे देखावा म्हणून समोरच्या ट्रकचे लाल दिवे पाहायचे. बसमधल्या संडासात फक्त लघवीची परवानगी असते. तशी पाटीच असते, आणि परिचारक ते माइकवरून सगळ्यांना ऐकवतो. म्हणून आदल्या रात्री नवीन पदार्थ चाखण्याचं शौर्य दाखवू नये.

हवेचा दाब हा या प्रवासातला सगळ्यात खट्याळ सोबती. चार हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण साठ टक्के असतो. किनाऱ्याकडून वर आलेलं वेफर्सचं पाकीट उशीसारखं टम्म फुगतं. सनस्क्रीनच्या ट्यूबचं झाकण वर उघडलं की आपण न मागता ती दोन दिवसांचा माल हातावर ओतते. उतरताना उलटा प्रकार. पठारावर अर्धी पिऊन घट्ट बंद केलेली प्लास्टिकची बाटली नाझ्काजवळ कडाकड आवाज करत आत चेपते, आणि शेजारी झोपलेले गृहस्थ दचकून उठतात. कानांचंही तेच. पडद्याबाहेरचा दाब वाढतो, आतली हवा मागे पडते, आणि दडे बसतात. च्युइंग गम चघळावा, आवंढे गिळावेत, जांभया द्याव्यात. सर्दी असेल तर नाक दाबून जोरात फुंकू नये. लहान मुलांना उतारावर दुधाची बाटली द्यावी, आणि त्यासाठी झोपेतून उठवावं लागलं तरी उठवावं. नाहीतर ती स्वतःच उठतात आणि मग कोणीच झोपत नाही.

कपड्यांबाबत सगळेच फसतात. जाड जाकीट बसच्या पोटातल्या सामानात जातं, वर पठारावर रात्री पारा शून्याखाली जातो, आणि बसचा हीटर एक तर बंद असतो किंवा भट्टी झालेला असतो. मधली अवस्था त्याला ठाऊक नाही. तेव्हा पातळ कपड्यांचे तीन थर आणि एक टोपी अंगाशीच ठेवावी. पासपोर्टची पिशवी वरच्या फळीवर नाही, पायाशीही नाही. पट्टा मांडीला गुंडाळून मांडीवर.

डिसेंबर ते मार्च पावसाचे दिवस. दरडी कोसळतात, आणि रास्ता रोको तर बाराही महिने चालू शकतो. लिमाहून पुढचं विमान असेल तर मध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवावा. बस वेळेवर पोचलीच तर तो दिवस झोपेत जातो, वाया नाही.

नाझ्कानंतर पॅन-अमेरिकन महामार्ग वाळवंटातून सरळसोट धावतो. तिथे जमिनीवर प्राचीन काळी काढलेल्या प्रसिद्ध, अवाढव्य रेषाचित्रांमधल्या सरड्याच्या अंगावरूनच हा रस्ता नेलेला आहे. रात्रभर वळणांमुळे जागलेली मंडळी नेमकी इथे घोरत असतात. किनारा इतका कोरडा का, तर जवळून वाहणारा हम्बोल्ट हा सागरी प्रवाह थंड आहे; धुकं भरपूर देतो, पाऊस जवळजवळ देतच नाही. म्हणून जुलैत लिमाला उतरणाऱ्याने उन्हाची वाट बघू नये. आणि उतरल्या उतरल्या सेविचे मागू नये. कच्च्या मासळीचा हा पदार्थ तिथे दुपारीच खातात, आणि तुमचं पोट अजून अबांकायच्या वळणांवरच असतं.