सासूबाईंचे वजन आणि वीस हजार पौंड

परक्या माणसाने भर चौकात आपल्या सासूबाईंचे वजन मोठ्याने जाहीर करावे आणि आपण मात्र त्याचे आभार मानून घरी परतावे, असा प्रसंग गेल्या शनिवारी डेन्व्हरजवळच्या एका ट्रकविक्रेत्याच्या आवारात माझ्यावर ओढवला. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

आम्ही घेत असलेल्या फिफ्थ व्हील कॅम्परचे, म्हणजे पुढचे टोक ट्रकच्या पाठीवर टेकवून ओढायच्या चाकांवरच्या घराचे, सामानासह कमाल वजन १४,००० पौंड, म्हणजे सव्वासहा टनांहून अधिक आहे. तो ओढत कोलोरॅडोचे डोंगर चढायचे, तर आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता ११,००० फुटांच्या वर जातो, तिथल्या विरळ हवेत साध्या पेट्रोल इंजिनाचा दम उखडतो, आणि पलीकडच्या सात टक्क्यांच्या उतारावर चाकांचे ब्रेक तापू नयेत म्हणून एक्झॉस्ट ब्रेकचा, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखण्याचा, आधार लागतो. तेव्हा ओढायला टर्बो डिझेल पिकअप ट्रकच घ्यायचा, इथवर माझे आणि विक्रेत्याचे एकमत होते. रामचे सहा सिलिंडरांचे कमिन्स इंजिन बरे, की फोर्डचे किंवा शेव्हरोलेचे व्ही-८, या वादात मी शिरत नाही. त्यात शिरलेला माणूस जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर येत नाही.

विक्रेत्याचा स्वभाव चांगला होता, पण त्याच्याकडे उत्तर एकच होते. मी विचारले, "याचे पेलोड किती?" तो म्हणाला, "वीस हजार पौंड ओढतो, बडी." मी म्हणालो, "ओढण्याचे नव्हे, ट्रकच्या अंगावर किती वजन चालेल ते विचारतो आहे." तो बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "दिवसभर ओढेल!"

एवढ्यात ऑइल बदलून घ्यायला आलेले एक आजोबा कागदी पेल्यातली कॉफी सांभाळत आमच्यात येऊन उभे राहिले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांनी पेला माझ्या हातात दिला, चालकाच्या बाजूचे दार उघडले, वाचायचा चष्मा लावला आणि दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर घोषणा केल्यासारखा वाचला: प्रवासी आणि सामान मिळून २,०५० पौंडांहून अधिक नको. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी मला विचारले, "वजन?"

मी सांगितले. बायकोने चौदा पौंड चोरून सांगितले. हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक असल्याचे तिलाही ठाऊक आहे. त्यानंतर आजोबा सासूबाईंकडे वळले. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या सासूबाई पाचवारी आणि स्नीकर्स अशा वेषात ट्रकच्या पायरीचा अंदाज घेत होत्या. आजोबांनी बैलबाजारातल्या दलालाप्रमाणे त्यांना एकदा पुढून, एकदा बाजूने न्याहाळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एकशे ऐंशी. सुरक्षेसाठी दोनशे धरू."

सासूबाईंना इंग्रजी फारसे येत नाही, पण 'पौंड' कळतो. "दोनशे कोण?" त्यांनी मुलीला विचारले. मुलगी टायर पाहू लागली.

"त्या बरोबर काय काय आणतात?" आजोबांची चौकशी संपेना. दहा किलो तांदूळ, पीठ, कुकर आणि दगडी खलबत्ता असे मी सांगून टाकले. त्यावर त्यांनी बजावले की हे सारे कॅम्परच्या पुढच्या कप्प्यात ठेवाल, तर त्याचा भारही बराचसा ट्रकवरच येईल. विक्रेता तोवर मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता.

सगळ्या वजनांची बेरीज झाली आणि आजोबांनी शेवटी मूळ आकडा घातला. फिफ्थ व्हीलच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग जोडणीच्या पिनेमधून ट्रकच्या पाठीवर येतो. १४,००० चे वीस टक्के धरले, तर २,८०० पौंड झाले. म्हणजे ट्रकमध्ये एकही माणूस बसला नसता, तरी स्टिकरची मर्यादा केव्हाच ओलांडली होती! मग माझ्या सासूबाईंना चारचौघांत तोलायची गरजच काय होती, हे मी त्यांना विचारले. "हिशेब पूर्ण असावा," एवढेच म्हणून त्यांनी कॉफी परत घेतली.

आजोबांचे एक वेळ सोडून देऊ, पण कंपन्यांचे काय? पाऊण टनी म्हणवणाऱ्या (हे नुसते वर्गाचे नाव) यांतल्या अनेक ट्रकची, ट्रक आणि भार मिळून, एकूण मर्यादा १०,००० पौंडांवर बांधलेली असते, कारण त्यापुढे गाडी वरच्या वर्गात जाते. त्यात अवजड डिझेल इंजिन, चार दारे आणि चामड्याच्या खुर्च्या घातल्या, की ट्रक स्वतःच आठ हजारांच्या आसपास भरतो. जितका महाग, तितका वाहायला नालायक! ओढण्याचा आकडा जाहिरातीत हातभर अक्षरांत छापतात आणि वाहण्याचा आकडा दाराच्या फटीत चिकटवतात. शिवाय ओढण्याच्या क्षमतेचे जे प्रमाणित गणित आहे, त्यात चालक आणि एकच प्रवासी धरतात, आणि दोघांचे वजन प्रत्येकी १५० पौंड. आमच्या घरात या मापात बसणारे कोणी नाही, खलबत्ता तर नाहीच.

आजोबांचा हिशेब ऐकताच विक्रेत्याला जाग आली आणि त्याने मागे चार चाके असलेला एक टनी ड्युअली दाखवायला काढला. मागून आठ फूट रुंद, किंमत अर्थातच वर. आमच्या वसाहतीच्या नियमांत तो बाहेर उभा करता येत नाही आणि आमच्या गॅरेजचे दार आठ फुटांचे आहे. "आरसे मिटतात," तो म्हणाला.

सासूबाईंनी त्या दिवसापासून रात्रीचा भात सोडला आहे आणि जेवताना पहिली पोळी मला वाढायचेही.