दुष्काळाचं दालन म्हणजे रडगाणं नव्हे

‘वस्तुसंग्रहालयात तलवारी ठेवा, नाणी ठेवा. दुष्काळाचं दालन कशाला? खान्देश म्हणजे केळीचं आगर, इथे कसला दुष्काळ! ७२ साली लोकांनी कुणापुढे हात न पसरता निभावलं. पाऊस हुकला की दुष्काळ, त्यात दाखवण्यासारखं काय?’ हा मेसेज सध्या आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय.

केळीचं आधी. केळी रावेर, यावल, चोपड्याकडे, तापीच्या पट्ट्यात. पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याच्या कोरडवाहू कापसाचं काय? तोही खान्देशच आहे.

‘हात न पसरता’ हे तर साफ खोटं. १९७२ मध्ये माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दिवसभर उन्हात, पोर झाडाखाली निजवून. घरात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि कामावर सुकडी, म्हणजे मजुरांना मिळणारं कोरडं पौष्टिक खाणं. ही भीक नव्हती, घामाची मजुरी होती. गावोगावच्या लोकांनी ‘काम द्या’ म्हणून मोर्चे काढले, म्हणून ती कामं वाढली. त्यातूनच महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, देशाच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या २८ वर्षं आधी. त्या बायांचे कष्ट ‘निभावलं’ एवढ्या एका शब्दात गुंडाळू नका.

दुष्काळ नुसत्या पावसाने पडत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाचे भाव कडाडले, युद्ध संपलं तसे कोसळले. पीक उभं असूनही शेतकरी बुडतो तो असा.

आणि दाखवण्यासारखं काय म्हणता? धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत दाखवा. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि प्रत्येक फडात बहुतेकांचा थोडा थोडा तुकडा. पाणी कमी पडलं की एखादा फड पडीक ठेवायचा. मग नुकसान एकट्या दुबळ्याच्या माथी येत नाही, सगळ्यांचंच थोडं थोडं होतं. पाटकरी पाणी सोडणार, जागल्या पिकं राखणार, आणि मोठ्या घरचा असला तरी पाळी मोडायची नाही. शेकडो वर्षं ही पद्धत गावांनी स्वतः चालवली. तलवारीइतकीच तीही काचेच्या पेटीत जपण्याजोगी आहे.

आजीचा हातोडा अजून आमच्या माळ्यावर आहे, दांडा तिच्या तळव्याने गुळगुळीत झालेला. दालन उभं राहिलं तर तो मी स्वतः नेऊन देईन.